भिंगबाईंची सर्व्हिस

शर्टांच्या कारखान्यात चोवीस वर्षं एकाच टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं. पाठीमागे काय बोललं जातं ते कळलं नाही तर त्या भिंगबाई कसल्या! टेबलावर एक ट्यूबलाइट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग आणि उजव्या हाताशी लाल बाणांच्या चिकटपट्ट्या. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणी चाचपायच्या, काजं आणि बटणं जुळवायची, कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बघायची, आणि जिथे टाका सुटला असेल तिथे लाल बाण डकवून शर्ट परत पाठवायचा. शिलाईवाल्या मुली त्यांच्या नावानं बोटं मोडत, पण बाईंच्या हाताखालून गेलेला शर्ट कधी परत आला नाही.

हा स्वभाव काही जन्मापासूनचा नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिलाईच्या मुकादमानं गोड हसून सांगितलं होतं, "अहो, हा गठ्ठा नका उघडू, मी स्वतः बघितलाय." बाईंनी विश्वासानं शिक्का मारला. सहाशे शर्ट परत आले. सगळ्यांचा डावा कफ उजव्या हाताला. मुकादम सर्वांसमोर म्हणाला, "शिक्का कुणाचा आहे ते बघा की." त्या दिवसापासून बाईंनी कानांवर विश्वास ठेवणं सोडलं. दुकानदारानं ताजं म्हटलं की त्या शिळं समजत. डॉक्टरनं दुखणार नाही म्हटलं की दात आवळून घेत. आणि नवऱ्यानं न सांगता चहा करून पुढे ठेवला की पहिला प्रश्न असे, "काय फोडलंत?"

नवरा निवृत्त बस ड्रायव्हर, अगदी देवमाणूस. तो म्हणायचा, "अगं, चहाच आहे." तरी बाई एकदा स्वयंपाकघरात जाऊन कपबशा मोजून यायच्या.

पन्नाशी ओलांडली आणि बाईंचा उजवा खांदा धरला. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं शर्ट उलटे करून करून हाडं जणू गंजली. दोरीवर कपडे घालता येईनात, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना, वेणीसुद्धा नवऱ्याला घालावी लागे. तो बिचारा मन लावून घालायचा, पण वेणी कायम डावीकडे कलायची. कारखान्यात मुली तोंडावर हात ठेवून हसत. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, नाहीतर कायमचा अडकेल. बाईंनी घरात हात वर-खाली करून पाहिला. चार दिवसांत कंटाळल्या.

मग एका रविवारी थोरली नणंद आली. ती इस्पितळात नर्स, तीस वर्षं रोग्यांना कुशीवर वळवून वळवून आवाज हुकमी झालेला.

"माझा खांदा असाच धरला होता," ती म्हणाली. "आता बघ." तिनं हात सरळ छताकडे नेला. "मैदानावर एक सर आहेत. टेनिसची सर्व्हिस शिकवतात. अगदी साधी. उद्यापासून तू येतेस."

"टेनिस? ह्या वयात?" बाई म्हणाल्या. "वन्सं, तुमचं त्यात काय आहे?"

"माझं काय असणार?"

"तेच विचारतेय. आणि घेतात किती?"

"काही नाही घेत."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. घेत असते तर किती घेतात यावर भांडता आलं असतं. काहीच न घेणाऱ्या माणसाशी भांडायचं कशावरून?

तरी त्या गेल्या. खांद्यासाठी म्हणून गेल्या असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे हा फुकट शिकवणारा प्राणी कोण हे बघायला गेल्या. मैदानावर मातीची तीन कोर्टं होती. पहिली दोन क्लबच्या सभासदांची. तिसरं, टोकाचं, माती दाबायचा रूळ ठेवायच्या शेडला लागून. तिथे संध्याकाळी पाच ते सहा सात-आठ बायका जमत: नणंद, तिच्या इस्पितळातल्या दोघी, एक शाळेतली बाई, एक शिंपीण आणि आणखी काही. कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी साडी खोचून. आणि मध्ये सर. साठीचे, काटक, हात कोपरापर्यंत रापलेले, डोक्याला पांढरी टोपी. बाईंची नजर सवयीनं आधी कडांवर गेली. बुटांची शिवण हातानं घातलेली. नखांत काहीतरी पांढरं.

"हातोडी कशी धरता? खिळा ठोकताना?" सरांनी विचारलं.

बाईंनी मूठ करून दाखवली.

"बास. रॅकेट तशीच धरायची. आता नेटकडे तोंड नको, डावा खांदा करा. डावा पाय पुढे. रॅकेट आधीच पाठीमागे न्या, पाठ खाजवतो तशी. आणि तिथूनच सरळ वर."

"टीव्हीवर तर हात गरगर फिरवतात," बाई म्हणाल्या.

"फिरवतात."

"मग आम्हाला का नाही शिकवत? अर्धंच शिकवणार?"

सरांनी टोपी जरा मागे सारली. "अर्धं नाही बाई. नको ते काढून टाकलंय. हात जितका फिरेल तितकं चुकायला जास्त जागा."

बोलणं कारखान्यातल्या जुन्या कारागिरासारखं होतं, आणि म्हणूनच बाईंना ते खटकलं. इतकं सोपं असतं तर लोक वर्षानुवर्षं घाम कशाला गाळतात? सोपं करून दिलेल्या गोष्टीत कुठेतरी पाणी मुरतं, हा त्यांचा अनुभव होता.

पहिले पंधरा दिवस सरांनी त्यांना रॅकेटनं चेंडू मारूच दिला नाही. फक्त डाव्या हातानं चेंडू वर ठेवायचा. "फेकायचा नाही," ते पुन्हा पुन्हा सांगत. "उंच फळीवर डबा ठेवतो तसा ठेवायचा. कोपर वाकवू नका. बोटं अगदी शेवटी उघडा. थोडा पुढे, तुमच्या अंगापासून हातभर." बाईंचा चेंडू कधी डोक्यामागे पडे, कधी शेजारच्या शिंपिणीच्या पायाशी. उजवा हात दुखेल तिथे थांबवायचा अशी सरांची सक्त ताकीद होती. नंतर त्यांनी बाईंना नेटच्या अगदी जवळ उभं केलं आणि तिथून पलीकडे मारायला लावलं. आठवड्याला दोन पावलं मागे. एवढंच.

बाई मागे सरकत होत्या आणि मनातल्या मनात लाल बाण चिकटवत होत्या.

एक, सर स्वतः कधी सर्व्हिस करून दाखवत नाहीत. सांगतात, हात धरून वळवतात, पण चेंडू मारत नाहीत. दोन, क्लबच्या सेक्रेटरींची स्कूटर फाटकातून आत आली की सरांना शेडमध्ये काहीतरी काम आठवतं. तीन, हातातली रॅकेट ते चटकन कुणातरी बाईच्या हातात देतात. चार, त्यांना नुसतं सर म्हणतात. आडनाव कुणालाच ठाऊक नाही. नणंदेलासुद्धा.

हे सगळं बाईंनी रात्री जेवताना नवऱ्याला बोटांवर मोजून दाखवलं.

"अगं, चांगला माणूस असेल," नवरा म्हणाला.

"चांगला माणूस असणं हे काही उत्तर झालं?"

"तुझा हात बघ की. आत्ता फळीवरची बरणी काढताना कुठवर गेला."

बाईंनी पाहिलं. हात कानाच्या वर गेला होता. त्यांनी लगेच खाली घेतला.

तिसऱ्या महिन्यात ती गोष्ट घडली. बाई आता मागच्या रेषेवर उभ्या राहू लागल्या होत्या. त्या संध्याकाळी चेंडू वर ठेवला गेला तो अगदी जिथे हवा तिथे, हात पाठीमागून सरळ वर गेला, रॅकेटच्या मधोमध ठण्ण असा आवाज झाला आणि चेंडू नेटवरून तिरका जाऊन पलीकडच्या चौकोनात पडला. दुसराही पडला. तिसरा नेटमध्ये गेला, पण चौथा पुन्हा आत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नणंद ओरडली, "बघ! म्हटलं नव्हतं?" सर फक्त म्हणाले, "हं."

दुसरी कुणी असती तर घरी जाऊन गोडधोड केलं असतं. बाईंना त्या संध्याकाळी घास गोड लागला नाही. चोपन्न वर्षांची, धरलेल्या खांद्याची बाई, तीन महिन्यांत चारांतले तीन आत? कारखान्यात नवी मुलगी पहिल्याच दिवशी निर्दोष कॉलर लावायला लागली तर बाई आधी मापाची पट्टी तपासत. तेच त्यांनी इथे करायचं ठरवलं. टोकाचं कोर्ट मुद्दाम सोपं केलेलं असणार. चौकोन मोठा, नाहीतर नेट खाली.

ग्रंथालयातून त्यांनी खेळांच्या नियमांचं पुस्तक आणलं, मापं कागदावर उतरवून घेतली, आणि पुढच्या रविवारी सकाळी शिवणकामाची टेप घेऊन त्या एकट्याच मैदानावर गेल्या. पाच फुटांच्या टेपनं कोर्ट मोजणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. गुडघ्यांवर बसून, काडीनं खूण करत करत त्यांनी नेटपासून रेषेपर्यंत मोजलं. एकवीस फूट. पुस्तकात एकवीस. नेट मध्यभागी तीन फूट, पुस्तकात तीन. चौकोनाची रुंदी साडेतेरा फूट. अगदी साडेतेरा, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. मग शेजारच्या, सभासदांच्या कोर्टाचंही मोजलं. तेही तसंच. दोष सापडला नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण बाई चिडल्या.

"काय हरवलं का, बाई?" फाटकावरचा वॉचमन काठी टेकत येऊन उभा राहिला.

"नाही. रेषा बरोबर आहेत का बघतेय."

वॉचमन हसला. "त्या रेषांची काळजी करू नका. तुमच्या सरांनी तीस वर्षं इथं चुना लावलाय. सगळ्यांना!"

बाई टेप गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "काय म्हणालात?"

"तीस वर्षं म्हटलं. सभासद आले नि गेले, पण चुना..." तेवढ्यात फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला आणि वॉचमन धावत सुटला.

बाईंचे कान तापले. तीस वर्षं! चुना! सगळ्यांना! त्यांच्या डोळ्यांसमोर तो गोड हसणारा मुकादम उभा राहिला. वॉचमन परत येईपर्यंत थांबण्याइतका धीर त्यांच्यात उरला नाही. साडीच्या निऱ्यांवरची माती झटकून त्या तडक क्लबच्या माडीवर, ऑफिसात गेल्या.

सेक्रेटरी फायलींच्या ढिगामागे बसून पेन्सिलीला टोक काढत होते. गोरे, गोल, आवाज मऊ.

"टोकाच्या कोर्टावर शिकवतात त्या सरांबद्दल विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "त्यांचं शिक्षण काय? प्रमाणपत्र आहे का?"

सेक्रेटरींची पेन्सिल थांबली. "कोण सर?"

"पांढरी टोपी घालतात. काटक आहेत. संध्याकाळी पाच ते सहा."

"टोकाच्या कोर्टावर आमचं कुणीच शिकवत नाही." सेक्रेटरी उठून खिडकीशी गेले, खाली पाहिलं, आणि परत वळले तेव्हा त्यांचा मऊ आवाज आणखी मऊ झाला होता. "टोपीवाला? हातांना चुना लागलेला? बाई, तो आमचा मैदानावरचा गडी. पाणी मारतो, रूळ फिरवतो, रेषांना चुना लावतो. तो शिकवतो? रॅकेट धरून?"

बाईंच्या डोक्यात तेव्हा लखकन प्रकाश पडला. चुना म्हणजे चुना. पांढरा, बादलीतला. पण बाण सुटून गेला होता.

"मी तक्रार करायला नाही आले," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मी नुसती चौकशी..."

"बरं केलंत सांगितलंत," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला.

सोमवारी संध्याकाळी बायका जमल्या तेव्हा शेडच्या दाराला क्लबचा कागद चिकटवलेला होता. परवानगीशिवाय शिकवणी बंद. सर दुसऱ्या कोर्टावर, डोक्याला टोपीऐवजी फडकं बांधून, रूळ ओढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणीतरी चुगली केली," शिंपीण म्हणाली.

"एवढ्या दिवसांत नाही ते आत्ताच कसं?" शाळेतली बाई म्हणाली.

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडावर संशय शोधलेल्या बाईला आता प्रत्येकीच्या डोळ्यांत स्वतःचंच नाव दिसायला लागलं. शिंपीण खोकली तरी वाटे, मला उद्देशून. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! परतताना नणंदेनं सिग्नलपाशी थांबून सरळ विचारलं, "तूच ना?"

"वन्सं, मी फक्त विचारलं होतं."

"तू फक्त विचारत नाहीस कधी," नणंद म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. पुढचे तीन आठवडे तिनं फोनसुद्धा केला नाही.

नवऱ्याला बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "जाऊन माफी माग," एवढंच म्हणाला. बाईंना वाटलं होतं तो नेहमीसारखा म्हणेल, जाऊ दे गं. तो तसं म्हणाला नाही.

गुरुवारी त्या कारखान्यातून लवकर निघून शेडवर गेल्या. सर जमिनीवर बसून चुना कालवत होते. बादलीत काठी गोल फिरत राहिली.

"मी सांगितलं ऑफिसात," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं तुम्ही... मला वाटलं, तुम्ही लोकांना फसवताय."

"वॉचमन म्हणाला तुम्ही कोर्ट मोजत होतात." काठी थांबली नाही. "किती भरलं?"

"एकवीस. आणि साडेतेरा."

"हं."

मग ते बोलू लागले, बादलीकडेच बघत. कोर्टावर त्यांनी एकदाही सर्व्हिस केलेली नव्हती. मैदानाच्या गड्यानं रॅकेट धरायची नाही असा क्लबचा जुना नियम. जे काही मारलं ते पहाटे, शेडच्या मागच्या भिंतीवर. पण रोज संध्याकाळी खेळ संपला की रेषा दुरुस्त करायला ते चुना घेऊन निघत, आणि मातीवर प्रत्येक चेंडूची खूण पडलेली असे. कोण कसा मारतो ते दिवसभर बघितलेलं, आणि कुणाचा कुठे पडला ते संध्याकाळी मातीत लिहिलेलं. तीस वर्षं.

"मोठ्ठा हात फिरवणाऱ्यांच्या खुणा रेषेबाहेर जास्त," ते म्हणाले. "एक म्हातारे डॉक्टर यायचे. रॅकेट आधीच पाठीमागे ठेवून मारायचे. लोक हसायचे त्यांना. त्यांच्या खुणा सगळ्या आत. त्यांच्याकडे बघून मी ते नीट लावून घेतलं. मग जुने शिकवणारे सोडून गेले, तुमच्या नणंदबाईंनी एकदा विचारलं, अहो सर, रॅकेट कशी धरायची हो? मला सर म्हणाल्या. मी सांगितलं."

बाई खाली बसल्या. माल कुठून आला यापेक्षा माल कसा आहे हे बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी नेमकं उलटं केलं होतं. शर्ट बाजूला ठेवून शिंप्याची कुंडली मागितली होती.

"मला विचारलं असतंत तर?" सर म्हणाले.

"खरं सांगितलं असतंत?"

सरांनी काठी बादलीच्या काठावर झटकली. "नसतं," ते म्हणाले. "पण विचारायचं होतं."

माफी त्यांनी दिली नाही. बाईंनी पुन्हा मागितलीही नाही. दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरींकडे गेल्या आणि म्हणाल्या, मी तक्रार केली नव्हती, चौकशी केली होती, माझं म्हणणं मी मागे घेते. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. आता रीतसर शिकवणारे नेमतोय आम्ही." झालं.

पण हातात घेतलेला शर्ट दुरुस्त न करता सोडायचा ही बाईंची रीत नव्हती. कारखान्याच्या मागे, पॅकिंगच्या शेडपलीकडे, एक सिमेंटचं अंगण होतं. तिन्ही बाजूंनी उंच भिंती. ट्रक फक्त सकाळी येत. शिफ्ट सुटल्यावर तिथे चिटपाखरू नसे. बाई मॅनेजरकडे गेल्या.

मॅनेजरनं भुवया वर केल्या. "रोज अर्धा तास? बायका जमणार? हे युनियनचं काही नाही ना?"

"खांद्याचं आहे."

"खांद्याचं म्हणजे?"

"शिलाईच्या अर्ध्या मुलींना हात वर नेता येत नाही. चाळिशीत त्यांचा माझ्यासारखा खांदा धरणार. मग तुम्ही रजेचे अर्ज वाचत बसा."

मॅनेजरला हेही पटलं नाही. तो स्वतः खाली आला. बाईंनी भिंतीवर खडूनं तीन फुटांवर रेघ ओढली, दूर जाऊन नणंदेनं शिकायला दिलेल्या जुन्या रॅकेटनं दहा चेंडू मारले. पहिले दोन रेघेखाली गेले, एक पॅकिंगच्या पत्र्यावर धाडकन आपटला, बाकीचे सात रेघेवर. मॅनेजरनं पत्र्याला पोचा पडलाय का ते आधी बघितलं. मग म्हणाला, "महिनाभर बघू."

सरांकडे बाईंना तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा ते म्हणाले, वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तिथल्या साहेबानं हाकललं तर? तिसऱ्यांदा त्यांनी अटी घातल्या.

"मला सर म्हणायचं नाही. मी कोण ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं. आणि तुम्हाला माझ्याबद्दल काही शंका आली तर आधी माझ्याकडे यायचं."

"कबूल."

"तुमचं कबूल मला पुरत नाही. तुमच्या नणंदबाईंसमोर बोला."

म्हणून बाईंना नणंदेच्या घरी जाऊन, दारातच उभं राहून सगळं सांगावं लागलं. नणंदेनं ऐकलं. आणि म्हणाली, "आत ये आता, तमाशा करू नकोस."

पहिल्या दिवशी अंगणात अकरा जणी आल्या. बाईंनी अटीप्रमाणे सांगितलं, की हे क्लबमध्ये मैदान राखतात, रेषा मारतात, आणि ह्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. शिलाईच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. भिंगबाईंनी बिनशिक्क्याचा माल पुढे केलेला कुणी पाहिला नव्हता. मग एकीनं विचारलं, "मग बाई, तुम्ही कसा काय पास केलात?" बाईंनी उजवा हात सरळ वर नेला. एवढंच.

अटीप्रमाणे सर म्हणायचं नव्हतं, पण चार दिवसांत सगळ्या सरच म्हणायला लागल्या, आणि त्यांनी हरकत घेणं सोडलं. बाईंशी मात्र ते कामापुरतं बोलत. इतर जणींचा हात धरून वळवत; बाईंना लांबून सांगत. चहाचा कप बाईंनी पुढे केला तर म्हणत, झालाय. महिन्याचे चार महिने झाले तरी त्यांचा सूर तोच राहिला. बाईंना ते लागे. पण एकदा फसलेला माणूस असाच वागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तोवर क्लबचे रीतसर शिक्षक फक्त रविवारी येऊ लागले होते आणि टोकाचं कोर्ट संध्याकाळी ओस पडायला लागलं होतं. इस्पितळातल्या बायका, शाळेतली बाई, शिंपीण, सगळ्या कारखान्याच्या मागच्या फाटकातून आत येत. सभासदांत कुजबुज झाली असावी. एका शुक्रवारी शिकवणं संपल्यावर सर अंगणात घुटमळले. बाकीच्या गेल्यावर बाईंपाशी आले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"क्लबनं दिलाय. आठवड्यातून दोन संध्याकाळ टोकाच्या कोर्टावर शिकवा म्हणतात. मैदानाचं काम सांभाळून."

"अरे वा!" बाई म्हणाल्या.

"वा नंतर म्हणा." त्यांनी कागद पुढे केला. "तुम्ही संशयी आहात. बघा यात काही गोम आहे का."

बाईंनी कागद घेतला. गळ्यातलं भिंग अजून काढलेलं नव्हतं. तिथेच पॅकिंगच्या खोक्यावर बसून त्यांनी ओळ न् ओळ वाचली, मग पाठची बाजू बघितली, मग पुन्हा पहिल्यापासून. सर समोर उभे होते, हात मागे बांधून.

"इथे," बाई म्हणाल्या. "‘पुढील सूचनेपर्यंत’ लिहिलंय. म्हणजे उद्या सकाळी सूचना काढली की तुम्ही परत रूळ ओढायला. ते खोडून वर्षभरासाठी असं लिहून घ्या. आणि रॅकेट धरायची नाही हा जुना नियम तुम्हाला लागू नाही, असंही कुठे नाही."

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले. कागद परत घेत म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर याल ऑफिसात?"

शनिवारी दोघं क्लबच्या माडीवर गेले. सेक्रेटरींनी बाईंना बघून कपाळाला आठ्या घातल्या, मऊ आवाजात बरंच सांगितलं, की हे नेहमीचे शब्द आहेत, यात काही विशेष नाही, तुम्ही उगाच शंका घेता. बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. अर्ध्या तासानं सेक्रेटरींनी ते दोन शब्द खोडले, वर वर्षभरासाठी असं लिहिलं, खाली रॅकेटबद्दल एक ओळ टाकली आणि खाडाखोडीच्या बाजूला सही केली.

सही नीट झाली आहे का ते आधी बाईंनी बघितलं. मग सरांनी बघितलं. मग दोघं जिना उतरले.